हूकच्या नियमाचा शालेय उपकरण-संच : एका वर्षाच्या वापरानंतर

मी फलटण तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला गणित आणि विज्ञान असे दोन्ही विषय शिकवते. दोन चलांतील रेषीय समीकरणे दोन्ही इयत्तांच्या बीजगणितात आहेत आणि रेषेचा चढ दहावीच्या भूमितीत येतो. परंतु फळ्यावर काढलेली रेषा मुलांच्या दृष्टीने दोन बिंदू जोडणारी रेघ एवढीच राहते. ती रेषा खऱ्या वस्तूच्या मोजमापातून उगवताना मुलांनी पाहावी, या हेतूने गेल्या वर्षी जूनमध्ये पुण्यातील एका प्रयोगसाहित्याच्या दुकानातून मी हूकच्या नियमाचा, म्हणजे स्प्रिंगेला टांगलेल्या भाराच्या प्रमाणात तिची लांबी वाढते हे मोजून पाहण्याचा, हा संच घेतला. त्याला १,४५० रुपये पडले. खोक्यावर उत्पादकाचे नाव नाही, केवळ ‘अंबाला’ असा शिक्का आहे. आपल्या शाळांच्या प्रयोगशाळांत येणारे पुष्कळसे साहित्य हरियाणातील त्या गावीच तयार होते. वर्षभर तीन तुकड्यांनी हा संच वापरला असल्यामुळे त्याबद्दल आता खात्रीने लिहिता येईल, असे मला वाटते.

संचात बिडाचा पाया असलेला उभा स्टँड, त्याला जोडलेली सेंटिमीटरची मोजपट्टी, एक नरम आणि एक कडक अशा दोन स्प्रिंगा, पत्र्याचा दर्शक काटा, ५० ग्रॅमचा हँगर, त्यावर सरकवायची ५० ग्रॅमची खाचेची पाच वजने आणि चार पानांची इंग्रजी माहितीपत्रिका एवढे साहित्य आहे. स्टँड जड आणि स्थिर आहे. काटा मात्र जाड असून पट्टीपासून जवळजवळ अर्धा सेंटिमीटर पुढे राहतो, त्यामुळे डोळा थोडा वर किंवा खाली गेला तरी वाचनात एक-दोन मिलिमीटरचा फरक पडतो. पट्टीमागे आरशाची पट्टी असती तर काटा आणि त्याचे प्रतिबिंब एका रेषेत आणून ही चूक टाळता आली असती. आम्ही जत्रेतल्या हातआरशाची एक चीप पट्टीला चिकटवली आणि काट्याच्या टोकाला सुई लावली. हे दोन बदल कोणत्याही शिक्षकाने पहिल्याच दिवशी करून घ्यावेत.

कडक स्प्रिंगेबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. ३०० ग्रॅमला ती जेमतेम सहा सेंटिमीटर ताणली जाते आणि एक मिलिमीटर लघुतम माप असलेल्या पट्टीवर त्या वाचनांतून फारसे निष्पन्न होत नाही. ती तशीच खोक्यात आहे.

नरम स्प्रिंग मात्र या संचाचा प्राण आहे, आणि तिच्याविषयी माहितीपत्रिका जे सांगते त्याच्याशी मी सहमत होऊ शकत नाही.

काहीही टांगलेले नसताना सुई १२.४ सेंटिमीटरवर होती. नुसता हँगर लावल्यावर, म्हणजे ५० ग्रॅमला, ती १४.० वर आली. त्यानंतर प्रत्येक वजनागणिक १७.९, २२.१, २६.०, ३०.० आणि ३०० ग्रॅमला ३४.१ अशी वाचने मिळाली. माहितीपत्रिकेची रीत अशी : प्रत्येक वाचनातून १२.४ वजा करून वाढ काढावी, भाराला त्या वाढीने भागावे, आलेल्या सहा भागाकारांची सरासरी घ्यावी आणि तिला स्प्रिंगेचा स्थिरांक म्हणावे. मुलींनी सांगितल्याप्रमाणे भागाकार केले. पहिला आला ३१.३ ग्रॅम प्रति सेंटिमीटर, दुसरा १८.२, त्यानंतर १५.५, १४.७, १४.२ आणि शेवटचा १३.८. आठवीच्या ‘चलन’ या प्रकरणात समचलनाचा स्थिरांक शिकलेल्या मुलांना हे पाहून धक्का बसला आणि तो रास्त होता, कारण ज्याला स्थिरांक म्हणायचे ते दर ओळीला उतरत चालले होते. त्याची सरासरी १७.९ येते आणि पत्रिकेप्रमाणे तेच उत्तर. सहांपैकी पाच आकडे ज्या सरासरीपासून दूर आहेत आणि जिकडे क्रम झुकतो आहे तिच्या विरुद्ध दिशेला जी आहे, ती उत्तर म्हणून वहीत लिहून घेणे मला पटले नाही.

म्हणून आम्ही भागाकार बाजूला ठेवले आणि आलेखकागद घेतला. पत्रिकेत भार उभ्या अक्षावर घेतला आहे. मी तो आडव्या अक्षावर घ्यायला लावला, कारण किती भार टांगायचा हे आपण ठरवतो आणि सुई कुठे थांबायची हे स्प्रिंग ठरवते, आणि जे आपण ठरवतो ते एक्स-अक्षावर, हा संकेत मुलांच्या अंगवळणी पडावा असे मला वाटते. उभ्या अक्षावरही वाढ न घेता सुईचे वाचन जसेच्या तसे घेतले. सहा बिंदू मांडून झाल्यावर काळा दोरा ताणून धरला, तेव्हा ते सहाही बिंदू दोऱ्याला लागून बसले. रेषेचा चढ ०.०८ आला, म्हणजे दर ग्रॅमला ०.८ मिलिमीटर किंवा दर ५० ग्रॅमला चार सेंटिमीटर. समीकरण मिळाले ते असे : वाचन = ०.०८ × भार + १०.०.

येथे पहिल्या बाकावरील एका मुलीने विचारले, “बाई, पण काही लावलं नव्हतं तेव्हा सुई साडेबाराच्या जवळ होती. मग रेघ दहाला का जाते?”

माझ्या मते हा संच विकत घेण्याचे सारे मोल या एका प्रश्नात आहे. पत्रिकेतील छापील आलेख आरंभबिंदूतून जातो, त्यामुळे तिच्या रीतीने गेले तर हा प्रश्न कोणाला पडतच नाही. जो बिंदू रेषेवर बसत नाही तो मोजणाऱ्याची चूक ठरून खोडला जातो. आमच्याकडे १२.४ हे वाचन तीन मुलांनी तीन वेळा घेतले होते आणि ते चुकीचे नव्हते.

कारण स्प्रिंगेच्या घडणीत आहे. या प्रकारच्या स्प्रिंगेची वेटोळी एकमेकांना चिकटून असतात. तार गुंडाळतानाच तिला असा पीळ दिलेला असतो की वेटोळी एकमेकांवर दाबून बसतात. हा अंगचा ताण उलगडेपर्यंत स्प्रिंग लांबतच नाही. हे मुलांना डोळ्यांनी दाखवण्यासाठी हँगर काढून कागदी कपाचे दोन ग्रॅमचे पारडे केले आणि त्यात एकाच छापाची पाच रुपयांची नाणी एकेक करून टाकली. ही नाणी सहा ग्रॅमची असतात. पहिली तीन नाणी पडली तरी सुई हलली नाही. चौथ्याला ती जेमतेम एक मिलिमीटर उतरली, पाचव्यानंतर एकूण तीन, सहाव्यानंतर साडेसहा, सातव्यानंतर अकरा, आणि पुढे प्रत्येक नाण्याला जवळजवळ पाच मिलिमीटर हा क्रम कायम झाला. सहा ग्रॅमला ०.८ च्या दराने ४.८ मिलिमीटर व्हायला हवेत, ते हेच. मधल्या टप्प्यात आणखी एक गोष्ट दिसली, ती मी पूर्वी कधी निरखली नव्हती : वेटोळी एकदम न सुटता वरची आधी सुटतात, कारण वरच्या वेटोळ्यांवर नाण्यांच्या भाराशिवाय खालच्या स्प्रिंगेचे स्वतःचे वजनही लोंबत असते. ही स्प्रिंग २४ ग्रॅमची आहे. त्यामुळे आडव्या रेषेतून चढत्या रेषेत जाताना आलेखाला टोकदार कोपरा न येता हलकीशी गोलाई येते.

मग दहावीच्या मुलांना मी दोन समीकरणे दिली. एक, य = १२.४, म्हणजे वेटोळी मिटलेली असतानाची स्थिती; दुसरे, य = ०.०८क्ष + १०, म्हणजे ती पूर्ण सुटल्यानंतरची. दोन्ही रेषा एकमेकींना कोठे छेदतात? क्ष = ३०. अंगचा ताण मोडायला सरासरीने ३० ग्रॅमचा भार लागतो, हा त्या छेदनबिंदूचा अर्थ आहे. एकसामयिक समीकरणांची उकल आलेखाने काढण्याची उदाहरणे आम्ही त्याआधी डझनभर सोडवली होती, परंतु छेदनबिंदूकडे बोट दाखवून “येथे स्प्रिंग सुटते” असे म्हणता येण्याची ही पहिलीच वेळ होती. पुण्याला आजोळ असलेला एक मुलगा म्हणाला, “बाई, हे रिक्षाच्या मीटरसारखं झालं.” त्याचे म्हणणे अगदी बरोबर आहे. पहिल्या दीड किलोमीटरपर्यंत किमान भाडे बदलत नाही आणि त्यानंतर ते अंतराच्या प्रमाणात वाढत जाते. एकूण भाड्याला एकूण अंतराने भागून दर काढू पाहिला, तर आमच्या सहा भागाकारांसारखाच उतरता क्रम मिळेल. खरा दर चढात असतो.

हा चढच खरा आहे हे दुसऱ्या मार्गाने पडताळून पाहणे आवश्यक होते, नाहीतर पत्रिकेचा शब्द आणि माझा शब्द एवढाच तो वाद राहिला असता. चढ ०.०८ म्हणजे एक सेंटिमीटर वाढीला १२.५ ग्रॅमचा भार. आपल्याकडे गुरुत्वत्वरण ९.७८ धरले तर बलाचा स्थिरांक दर मीटरला सुमारे १२.२ न्यूटन येतो. पत्रिकेच्या सरासरीवरून तोच १७.५ येतो. २०० ग्रॅम टांगून स्प्रिंगेला थोडा झोका दिला, तर तिच्या वरखाली होण्याचा आवर्तकाल या स्थिरांकावर अवलंबून असतो, आणि गणितात टांगलेल्या वस्तुमानात स्प्रिंगेच्या वस्तुमानाचा एक तृतीयांश भाग मिळवावा लागतो. कनिष्ठ महाविद्यालयातील आमच्या सहकारी सरांनी दोन्ही उत्तरे आधी फळ्यावर लिहून ठेवली : माझा स्थिरांक खरा असेल तर २० आंदोलनांना १६.४ सेकंद लागतील, पत्रिकेचा खरा असेल तर १३.७. मोबाइलच्या घड्याळावर तीन वेळा मोजले, आणि तिन्ही वेळा वेळ १६.४ च्या आगेमागे एक-दोन दशांश सेकंदांत राहिली. झोका लहान ठेवणे मात्र महत्त्वाचे आहे. मोठ्या झोक्यात वर जाताना वेटोळी एकमेकांवर आपटली तर हिशेब बिघडतो.

वजनांविषयी तक्रार आहे. सहा बिंदू दोऱ्याला लागून होते असे वर म्हटले, तरी १०० ग्रॅमचा बिंदू एक मिलिमीटर वर आणि १५० चा तेवढाच खाली, असे पट्टीवर सारखे येत राहिले. मापणाऱ्याचा हात बदलला तरी ते बदलेना. शेवटी सगळी वजने गावातील सराफाच्या काट्यावर ठेवली. हँगर ५०.१ ग्रॅम भरला. वजने मात्र ४८.८, ५२.२, ४९.१, ४९.९ आणि ५१.० अशी निघाली. पन्नासाचा ठसा असलेल्या वजनात दोन ग्रॅमहून जास्त फरक असणे हे शैक्षणिक साहित्यासाठी योग्य नव्हे. खरी वजने घेऊन आलेख पुन्हा काढला, तेव्हा ते दोन्ही बिंदू रेषेवर येऊन बसले. म्हणजे स्प्रिंग पहिल्यापासून बिनचूक होती आणि खोट वजनांत होती, हे आम्हाला रेषेनेच दाखवून दिले. हा अनुभव मुलांना मिळाला याचा मला आनंद आहे, पण प्रत्येक शाळेच्या शेजारी सवडीचा सराफ असतो असे नाही. दुकानदाराला कळवल्यावर त्यांनी वजने बदलून देण्याची तयारी दाखवली; आम्ही ती बदलली नाहीत, त्यांवर खरे आकडे रंगाने लिहून घेतले.

समीकरण हाती आल्यावर त्याचा उपयोग करून पाहणे ओघाने आलेच. ओढ्यातून आणलेला एक गोटा टांगल्यावर सुई २४.३ वर थांबली. २४.३ मधून १० वजा केले आणि ०.०८ ने भागले, तेव्हा १७९ ग्रॅम आले. पाच-पाच ग्रॅमच्या टप्प्याने दाखवणाऱ्या किराणा दुकानाच्या काट्यावर तोच गोटा १८० ग्रॅम भरला. ताणकाट्यावर समान अंतरावर खुणा का असतात, हे यानंतर वेगळे शिकवावे लागले नाही.

परंतु तितकेच महत्त्वाचे उदाहरण दुसऱ्या टोकाचे आहे. एका मुलाने २० ग्रॅमची किल्ली टांगण्याआधी सुई कुठे येईल ते समीकरणातून काढले. उत्तर आले ११.६. रिकाम्या स्प्रिंगेचे वाचन १२.४ असताना ११.६ येणे म्हणजे भार लावल्यावर स्प्रिंग आखूड होणे. किल्ली टांगली तेव्हा सुई अर्थातच १२.४ वरच राहिली. आकडेमोडीत काही चूक नव्हती. ते समीकरण वेटोळी सुटल्यानंतरच्या स्प्रिंगेचे होते आणि ते मिटलेल्या स्प्रिंगेला लावले गेले होते. रेषीय सूत्राबरोबर ते कोणत्या भारापासून कोणत्या भारापर्यंत लागू आहे हे लिहिलेच पाहिजे, असा नियम मी त्या दिवसापासून केला आहे आणि ते न लिहिणाऱ्याचा अर्धा गुण कापते. आमच्या स्प्रिंगेसाठी तो पल्ला सुमारे ४५ पासून ३०० ग्रॅमपर्यंत आहे.

वरची मर्यादा आम्हाला नुकसान सोसून कळली. दिवाळीनंतर मी वर्गात नसताना मुलांनी जुन्या संचातील वजने मिळवून ५०० ग्रॅम टांगले आणि मधल्या सुट्टीपर्यंत तसेच ठेवले. हँगर पायाला टेकण्याच्या बेतात होता. भार काढल्यावर सुई १२.४ वर परतली नाही, १३.१ वर थांबली. स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडली गेली होती. मला वाईट वाटले, कारण स्प्रिंग बाद झाली असे मी धरून चालले होते. तरीही सर्व वाचने पुन्हा घेतली, आणि ५० ग्रॅमला १७.१, १०० ला २१.१, १५० ला २५.१ अशी ती आली. चढ तोच, ०.०८. बदलले होते ते केवळ स्थिरपद, दहाचे १३.१ झाले होते. आता वाढ काढली तर ४, ८, १२ अशी थेट प्रमाणात मिळते आणि रेषा रिकाम्या स्प्रिंगेच्या वाचनातूनच निघते. म्हणजे माहितीपत्रिकेत छापलेला आरंभबिंदूतून जाणारा आलेख आम्हाला मिळाला तो स्प्रिंग ताणून बिघडल्यानंतर, तिचा अंगचा ताण जवळजवळ नाहीसा झाल्यावर! तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास आणि त्यांची संख्या यांवर अवलंबून असणारा चढ मात्र त्या अत्याचारानंतरही टिकला. रॉबर्ट हूकने आपला नियम १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ मध्ये तो उलगडला : जशी वाढ, तसे बल. आमच्या दोन्ही आलेखांत हे विधान शाबूत आहे, फक्त वाढ कोणत्या क्षणापासून मोजायची हे स्प्रिंगेला विचारावे लागते.

तुलनेसाठी कोथिंबिरीच्या जुडीचे रबर टांगून पाहिले. त्याचे बिंदू कोणत्याच दोऱ्यावर बसले नाहीत, आणि भार चढवताना व उतरवताना वाचनेही वेगवेगळी आली. सगळेच काही सरळ रेषेत चालत नाही हे दाखवायला तेवढे पुरेसे आहे. त्यावर मी एका तासाहून अधिक वेळ घालवला नाही.

तर संच घ्यावा का? ज्या शाळेत एकच शिक्षक गणित आणि विज्ञान शिकवतो, किंवा दोन शिक्षक तास वाटून घ्यायला तयार आहेत, त्या शाळेने तो अवश्य घ्यावा. केवळ प्रात्यक्षिक परीक्षेत एक आकडा काढून वही भरायची असेल, तर पत्रिकेची रीत मुलांना चुकीचे शिकवील, आणि मग हा खर्च न केलेला बरा. घेताना दुकानातच नरम स्प्रिंग उजेडात धरून तिची वेटोळी चिकटलेली आहेत का ते पाहावे. काही संचांत ती आधीच सुटी असतात आणि त्यांत वर सांगितलेला सगळा मधला भाग हरवतो. वजने त्याच वेळी काट्यावर ठेवून पाहण्याचा आग्रह धरावा. सुट्या नरम स्प्रिंगेला १२० रुपये पडतात, एक जादा घेऊन ठेवावी.

आम्ही तशी एक आणली. तिचे वाचन ०.०७८ × भार + १०.६ या समीकरणाने मिळते आणि रिकामी असताना सुई १२.१ वर असते. म्हणजे तिचा अंगचा ताण पहिलीपेक्षा कमी, सुमारे १९ ग्रॅमचा आहे. ही दोन्ही उत्तरे नव्या नववीच्या मुलांनी काढली. दोन्ही स्प्रिंगा आता स्टँडला शेजारीशेजारी टांगलेल्या असून प्रत्येकीखाली तिचे समीकरण आणि ते लागू असण्याचा पल्ला लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे. ताणलेल्या स्प्रिंगेच्या चिठ्ठीवर १०.० खोडून १३.१ केलेले आहे आणि ज्या दिवशी ते बदलले त्याची तारीखही मुलांनी घातली आहे.